माल वाढला

टेम्पोचा मागचा फाळका मीच उघडला. कुणी सांगितलं नव्हतं. न सांगता मदतीला धावायची माझी जुनी खोड आहे. मी धावून गेलो की मग लोकांना खरोखरच मदतीची गरज लागते.

येरमाळ्यात घटस्थापनेच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याला दुकानं मांडायची गडबड चालली होती. आमच्या साखर कारखान्यातल्या राजेश्वरीबाई तिथं दर नवरात्रात बांगड्यांचं दुकान लावतात. मी आणि सौ. दीपाली दर्शनाला निघालो होतो, वाटेत त्यांचा टेम्पो दिसला. टेम्पो चढावर उभा, तोंड देवीकडं आणि पाठ उताराकडं. टेम्पोवाला धुळाप्पा चहाला गेलेला. राजेश्वरीबाई जागेवर सडा घालायला घागर घेऊन पाण्याला गेलेल्या. म्हटलं, बाई एकटी आहे, निदान खोकी तरी उतरवून ठेवू. खोक्यांचा सगळा भार फाळक्यावर रेललेला आहे हे धुळाप्पाला ठाऊक होतं, फाळक्याला ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं. मी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या काढल्या.

काचेच्या बांगड्यांची टेम्पोभर खोकी एकदम दगडावर आली की कसा आवाज होतो, हे बहुतेकांना जन्मात कळत नाही. आधी गावभरच्या बायका एकाच वेळी हसल्यासारखं वाटतं. मग त्या सगळ्या एकदम गप्प होतात.

"झालं दर्शन?" दीपाली म्हणाली.

तेवढ्यात राजेश्वरीबाई घागर घेऊन आल्या. पायापाशी हिरवा, लाल, मोरपंखी असा चुरा उतारावरून अजून थोडा थोडा घरंगळत होता. मी म्हणालो, "राजेश्वरीबाई, बांगड्या फुटल्या."

त्यांनी घागर खाली ठेवली. चुऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "फुटल्या म्हणू नका, श्रीमंतराव. वाढल्या म्हणा."

आपल्याकडं बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, तेही वाढवतात. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण एवढ्या मोठ्या ढिगासमोर उभं राहून ही वाढ झाली असं म्हणायला छाती लागते. ती त्या बाईला होती.

धुळाप्पा चहाचा ग्लास घेऊनच पळत आला. "फाळका कुणी काढला?"

सगळी जत्रा माझ्याकडं बघायला लागली. त्यात दीपालीही होती.

राजेश्वरीबाईंनी मात्र शेजारच्या प्रसादवाल्याकडून खराटा मागून आणला, पोतं आणलं आणि चुरा भरायला घेतला. जत्रेत लेकरं अनवाणी फिरतात, एवढंच बोलल्या. मी खाली वाकलो तर म्हणाल्या, "तुम्ही सरका, हात कापंल." जागा झाडून झाली, सडा पडला. मग त्यांनी टेम्पोच्या केबिनमधून एक लाकडी पेटी काढली. तेवढी एकच पेटी पुढं, ड्रायव्हरशेजारी बसून आली होती, म्हणून वाचली. पोत्यावर बसून त्यांनी ती उघडली आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "या वहिनी, बसा. भवानी तुमच्यापासनं."

मी तिथंच त्या बाईला मनातल्या मनात पहिला नमस्कार घातला. अर्ध्या तासापूर्वी दुकान मातीत गेलेलं, आणि ज्यानं घालवलं त्याच्याच बायकोचा हात मांडीवर घेऊन ही बाई बोटं दाबून बघत होती.

"ढिला सोडा हात. नवऱ्याला मुठीत धरायचं ते घरी गेल्यावर."

दीपालीचा हात जाड आहे. कासाराच्या दुकानात ती नेहमी रडवेली होते. इथं मात्र राजेश्वरीबाईंनी अंगठ्याच्या बुडाला कुठंतरी दाबलं, पंजा जरा वळवला, आणि बोलता बोलता मनगटावर चापून बसणाऱ्या हिरव्या बांगड्या एकामागून एक वर गेल्या. त्यांचं हाताकडं लक्षही नव्हतं. धुळाप्पाला भाडं किती द्यायचं यावर त्यांची घासाघीस चालली होती. एकही बांगडी वाढली नाही. दीपालीनं रीतीप्रमाणं वाकून नमस्कार केला, पैसे दिले. त्यांनी ते कपाळाला लावून पेटीत टाकले.

मी खिशात हात घातला. "नुकसान किती ते सांगा. मी भरून देतो."

"भरताना बांगडी वाढली तर गिऱ्हाईक पैसे देत न्हाय. ते बांगडीवालीचेच जात्यात."

"पण मी गिऱ्हाईक कुठं आहे?"

"मग तर विषयच न्हाय," असं म्हणून त्यांनी पुढच्या बाईचा हात धरला.

ही बाई एरवी आमच्या प्रयोगशाळेची मुख्य आहे, हे जत्रेत कुणाला सांगून पटत नाही. परंड्याकडचा आमचा कारखाना खाजगी. तिथं मी टाइम ऑफिसात लोकांची हजेरी मांडतो आणि राजेश्वरीबाई रसाची गोडी मांडतात. गाळप चालू असलं की पांढरा कोट घालून काचेच्या नळ्या उजेडाला धरून उभ्या असतात. मनगटात एक घड्याळ, बाकी काही नाही. बीएस्सी झालेल्या आहेत, पगार चांगला आहे, पगारातून दरमहा टॅक्स कापला जातो. नवरा घरची शेती बघतो. बांगड्यांचा धंदा करायला त्यांनी कारखान्याची रीतसर परवानगी काढलेली आहे. मॅनेजरसाहेबांनी अर्ज वाचून विचारलं होतं म्हणे, "म्याडम, तुम्हाला कमी पडतंय का?" तर म्हणाल्या, "कमी पडत न्हाय. जागा राखायची आहे."

ती जागा त्यांच्या आईची. सिताबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. घरात पोटापुरती जिरायत आणि एक लहान मुलगी. त्यांनी ही लाकडी पेटी डोक्यावर घेतली आणि गावोगाव बांगड्या भरत फिरायला लागल्या. पण मोकळ्या मनगटाची बाई सवाष्णींच्या हातात चुडा कसा भरणार? लग्नघरी कुणी उंबरा ओलांडू देईना. गावात हळूच मागच्या दारानं बोलवायचे, ते पण रोजच्या वापराच्या बांगड्यांना. मग त्या येरमाळ्याला आल्या. जत्रेत कुणी कुणाला ओळखत नसतं. बाई समोर बसते, हात पुढं करते आणि देवीच्या नावानं डोळे मिटून घेते. भरणारीचं मनगट कोण बघतो? सिताबाईंनी त्या जागेवर पोरीची शाळा केली, कॉलेज केलं. काही वर्षांपूर्वी त्या गेल्या. जत्रेतल्या जागेचं मात्र असं असतं, की एक साल मोकळी दिसली की दोन्ही शेजारी दोन्हीकडून पाय पसरतात, आणि पुढच्या सालाला तिथं जागा होती याची आठवणसुद्धा उरत नाही.

त्या दिवशी दुपारीच पेटी रिकामी झाली. राजेश्वरीबाईंनी पोतं झटकलं, घडी घातली आणि दुकान वाढवलं. नऊ दिवसांचं दुकान पहिल्याच दिवशी. पेटीत आलेले बहुतेक पैसे धुळाप्पाच्या भाड्यातच गेले.

"उद्या सोलापूरहून माल आणा की," मी म्हणालो. "पगार झालाय आपला परवाच."

तेव्हा मला त्यांचा कायदा कळला. पेटीत बाहेरचा पैसा घालायचा नाही. हा सिताबाईंचा नियम. ज्वारीचा पैसा घालायचा नाही, उसना घालायचा नाही, आणि आता लेकीचा पगार घालायचा नाही. पेटीनं कमावलं तर तिनं घराला द्यावं, घरानं पेटीला द्यायचं नाही.

"आई म्हणायची, बाहेरचा पैसा घातला की पेटी आजारी हाय का धडधाकट, हे कळतच न्हाय. आजारी माणसाला गोधडीत गुंडाळून ठेवल्यावाणी होतंय."

"पण मग पुढच्या नवरात्राला?"

"पेटीत असंल तर बसंन. न्हायतर जागा जाईल." हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं, त्याच आवाजात त्या प्रयोगशाळेत 'आज रस पातळ आहे' असं सांगतात. पण सांगताना त्यांची बोटं घडी घातलेलं पोतं पुन्हा उलगडत होती आणि पुन्हा घालत होती. ते मी बघितलं.

आणि तिथं मी माझ्या आयुष्यातला दुसरा फाळका उघडला.

आमच्या ऑफिसात मला टॅक्समधलं कळतं असा समज आहे. तो मीच पसरवलेला आहे. मार्च आला की निम्मा कारखाना माझ्या टेबलाशी उभा असतो आणि मी विम्याची पावती कुठं जोडायची ते बोट ठेवून दाखवतो. एवढ्या भांडवलावर मी छाती पुढं काढली. "राजेश्वरीबाई, काळजी सोडा. हा धंद्याचा तोटा झाला. रिटर्न भरताना तो तुमच्या पगारातून वजा करायचा. उत्पन्न कमी झालं, की वर्षभर कापलेला टॅक्स परत येतो. त्यात माल भरा."

त्यांनी एकच विचारलं. "तो परत आलेला पैसा पगाराचा का दुकानाचा?"

असा प्रश्न मला मार्च महिन्यात कुणी कधी विचारला नव्हता. मी म्हणालो, "दुकानाचा. दुकान बुडालं नसतं तर तो आलाच नसता."

त्यांनी ते मनाशी तोलून बघितलं. "मग चालंल," म्हणाल्या.

तो शब्द घेऊन मी जे घरी आलो ते पुढं आठ महिने तरंगत होतो. त्यांना आता काही करायचं नव्हतं, फक्त वाट बघायची होती; आणि वाट मी दाखवलेली होती.

जूनच्या शेवटी कारखान्याचा फॉर्म सोळा हातात आला. धाराशिवला कोर्टाजवळ माणिकप्पा नावाचे करसल्लागार बसतात, सगळे त्यांना अप्पा म्हणतात. त्यांचं काम पक्कं असतं आणि बोलणं तुटक. मी त्यांना राजेश्वरीबाईंचे कागद आगाऊ पाठवले, सोबत मोबाईलवर सविस्तर निरोप लिहिला. आता माणूस एकदा चुकतो, दोनदा कशाला चुकेल? बांगडीला फुटली म्हणायचं नाही हे मला येरमाळ्यात चारचौघांत शिकवलं गेलं होतं. म्हणून मी अगदी जपून लिहिलं: 'म्याडमचा किरकोळ विक्रीचा व्यवसाय आहे. नवरात्रात पहिल्याच दिवशी जवळजवळ सगळा माल वाढला. दुपारीच दुकान वाढवले. तरी योग्य ते करावे.'

चार दिवसांनी आम्ही एसटीनं धाराशिवला गेलो. अप्पांनी खुर्ची दिली, चहा मागवला. ते सहसा मागवत नाहीत.

"अभिनंदन म्याडम," अप्पा म्हणाले. "पगार सांभाळून असा धंदा करणारं माणूस मी बघितलं न्हाय. पहिल्या दिवशी माल वाढतोय, दुपारपर्यंत दुकान वाढवताय. आमच्या गल्लीतला किराणावाला आजन्म तेवढंच फळकूट टाकून बसलाय."

राजेश्वरीबाईंनी माझ्याकडं बघितलं.

"वर्षाअखेरचा शिल्लक माल मी वाढीव धरलाय," अप्पा पुढं म्हणाले. "त्यामुळं नफा चांगला दिसतो. पगारात मिळवला की टॅक्स आणखी थोडा भरावा लागंल. पण धंदा बघता ते काही जड न्हाय."

"अप्पा," मी म्हणालो, "तोटा झालाय."

"तुम्हीच लिहिलंय की. माल वाढला."

"वाढला म्हणजे... वाढला हो."

"तेच म्हणतोय मी."

राजेश्वरीबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, बांगड्यांचं दुकान हाय."

अप्पांनी चष्मा काढला. कागद बघितला, माझा निरोप पुन्हा वाचला. त्यांच्या घरीही बांगड्या असणारच. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर सगळा उतार, टेम्पो आणि दगड दिसायला लागले. "आरं देवा," ते म्हणाले. "सगळ्या वाढल्या?"

"सगळ्या."

"कशानं?"

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. आलेला चहा मी तेवढ्यात पिऊन घेतला.

अप्पा माणूस सरळ. त्यांनी तिथंच हिशेब उलटा फिरवला. खरेदीची बिलं सोलापूरच्या घाऊक पेढीची, सगळी जागेवर होती. मग त्यांनी विचारलं, "हे नफ्यासाठीच करता ना? तसं विचारावं लागतं. नुसता हौसेचा मामला असंल तर तोटा धरता येत न्हाय. इथं काही माल बिनपैशाचा दिलेला दिसतोय. दानधर्म का?"

ते मलाही ठाऊक नव्हतं, तिथंच कळलं. एखादी विधवा बाई दुकानासमोर रेंगाळली, सुनेच्या, लेकीच्या बांगड्या भरून झाल्यावर हात मागं घेऊन उभी राहिली, की सिताबाई तिला खाली बसवायच्या आणि तिच्या हातात दोन-दोन तरी भरायच्या. पैसे घ्यायच्या नाहीत. राजेश्वरीबाईंनीही ते चालू ठेवलं होतं.

"दानधर्म न्हाय," त्या म्हणाल्या. "जाहिरात हाय. ती बाई वर्षभर गावात हात दाखवत फिरती. पुढच्या साली तिच्या मागं चौघी येत्यात."

अप्पांनी एकदा खिडकीतून कोर्टाकडं बघितलं. मग कागदावर लिहिलं, जाहिरात खर्च. एवढी सरळ नोंद त्यांनी बऱ्याच दिवसांत केली नसावी.

"बरं, तोटा निघाला," मी हात चोळत म्हणालो. "आता तेवढा पगारातून वजा करा, म्हणजे आम्ही मोकळे."

"पगारातून होत न्हाय."

"का बरं?"

"कायद्यात न्हाय. धंद्याचा तोटा पगारातून वजा होत न्हाय. पगार वेगळा, धंदा वेगळा. नोकरदार माणसानं जोडधंद्यात घालवलेलं पगारातून काढून घ्यायचं म्हणलं तर कायदा मधी भिंत घालतो. घरभाडं असंल, बँकेचं व्याज असंल, त्यातून वजा होईल. पगाराला हात न्हाय लावायचा."

मी भांडलो. तुम्हाला सांगतो, मी चांगला भांडलो. म्हणालो, नफा झाला तर तो पगारात मिळवून टॅक्स घेता, आता तुम्हीच मिळवला होता. मग तोटा झाल्यावर पगार कुठं लपून बसतो? अप्पा म्हणाले, हा प्रश्न चांगला आहे, पण तो इथं विचारून उपयोग नाही, दिल्लीला विचारा. म्हणालो, मग मी भरपाई देतो, मला द्यायचीच आहे. अप्पा म्हणाले, द्या, पण ती यांच्या धंद्याची जमा धरावी लागंल आणि तेवढा तोटा कमी होईल. म्हणजे माझा पश्चात्तापसुद्धा हिशेबात घ्यावा लागणार होता.

मी हळूच राजेश्वरीबाईंकडं बघितलं. आठ महिने ही बाई माझ्या शब्दावर थांबली होती. लग्नसराईत पेटीतल्या उरल्यासुरल्या पैशांवर दोन-चार चुडे आणून भरले, तेवढंच. नवरात्र तीन महिन्यांवर आलेलं. आता त्या काय बोलतील याची मला खरी भीती वाटत होती.

त्या हसत होत्या. आवाज न करता, पण खांदे हलत होते.

"आईचाच कायदा हाय की हा," त्या म्हणाल्या. "पगार पेटीत घालायचा न्हाय. आईनं शाळा बघितली न्हाय, आणि दिल्लीत कुणीतरी बसून तेच लिहिलंय."

अप्पासुद्धा जरा चपापले. कायदा ऐकून आनंद झालेलं माणूस त्यांच्या खुर्चीत बहुधा पहिल्यांदाच बसलं होतं.

"मग हा तोटा जातो कुठं?" त्यांनी अप्पांना विचारलं. "नुसताच मरतोय का?"

"मरत न्हाय. व्याजातून वजा होऊन जो उरंल तो पुढं न्यायचा. पुढची आठ वर्षं. पण तो धंद्याच्याच नफ्यातून फिटला पाहिजे. आणि रिटर्न मुदतीच्या आत भरलं पाहिजे. तारीख चुकली की पुढं नेता येत न्हाय."

"म्हणजे पेटीचा तोटा पेटीनंच भरायचा."

"तसंच."

"आणि आठ वर्षं सरकार थांबणार."

"थांबणार."

"लई झाली आठ वर्षं," राजेश्वरीबाई म्हणाल्या. "भरा."

मी इतकी वर्षं लोकांचे फॉर्म बघतोय. आठ वर्षांची मुदत ऐकून लोक कपाळाला हात लावतात, मी स्वतः लावला असता. ही बाई ती मुदत ऐकून माहेरून निरोप आल्यासारखी टवटवीत झाली होती. तोटा झाला तर झाला, पण तो मेलेला नाही, आठ वर्षं आपली वाट बघत बसणार आहे, आणि त्याला न्यायला आपल्यालाच धंद्यात परत जावं लागणार आहे. यात तिला कायद्याची अडवणूक दिसली नाही, आमंत्रण दिसलं. माझ्या अंगावर काटा आला. टॅक्सच्या ऑफिसात काटा यायची माझी ती पहिलीच वेळ. मी आजवर रिटर्न म्हणजे नुसता फॉर्म भरणं असं समजत होतो. त्या दिवशी वाटलं, हे पण बांगड्या भरण्यासारखंच आहे. हात ढिला सोडावा लागतो.

एक गोष्ट मात्र हाती लागली. त्यांची बँकेत एक ठेव होती, तिच्या व्याजावर बँकेनं थोडा टॅक्स कापलेला होता. तोट्यानं ते व्याज पुसून टाकलं, म्हणून बँकेनं कापलेलं परत येणार होतं. रक्कम सांगताना अप्पांनाच संकोच वाटला.

"हे दुकानाचं का?" राजेश्वरीबाईंनी विचारलं.

"तोट्यामुळं आलंय. दुकानाचंच."

"एक खोकं येईल," त्या म्हणाल्या. "बास झालं."

पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलं आहे, तरी मला ते नीट सांगता येत नाही. नागपंचमीच्या तोंडावर ते पैसे आले आणि त्यांनी खरोखर एक खोकं आणलं. पंचमीला आमच्या भागात बाई बांगडी भरल्याशिवाय वारुळाला जात नाही. रविवारी आणि कारखाना सुटल्यावर त्या पेटी घेऊन वस्त्यांवर गेल्या. ज्या बाईच्या हाताखाली तीन केमिस्ट आहेत ती बाई ओसरीवर बसून म्हाताऱ्यांची बोटं दाबत होती. खोकं संपलं, त्यातून दोन आली. महालक्ष्म्यांच्या दिवसात त्या दोनांची किती झाली ते मला कळलं नाही. मी एकदा भीत भीत विचारलं, "आता निम्मा टेम्पो तरी होईल का?" तर म्हणाल्या, "तुम्ही हजेरी मांडा, श्रीमंतराव. मोजायचं माझं काम हाय." पगाराचा एक रुपया त्या पेटीत गेला नाही. मधे एकदा गठ्ठा घ्यायला थोडे कमी पडत होते आणि पगार त्याच दिवशी खात्यात आलेला होता. त्या सोलापूरहून कमी माल घेऊन परत आल्या.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी दीपालीला घेऊन येरमाळ्याला गेलो. मनात धाकधूक होती. जागा गेली असली तर त्या मोकळ्या उताराकडं मी कोणत्या तोंडानं बघणार होतो?

जागा होती. सडा पडला होता, पोतं अंथरलं होतं, आणि पोत्यावर ती लाकडी पेटी उघडी होती. पलीकडं चढावर धुळाप्पाचा टेम्पो, तसाच, तोंड देवीकडं. टेम्पो भरलेला नव्हता. निम्माही म्हणता येणार नाही. पण खोकी होती, आणि ती सगळी पेटीची होती. समोर एक म्हातारी बसली होती. कपाळ मोकळं, हात मागं घ्यायला बघत होती. राजेश्वरीबाईंनी तिचा पंजा मांडीवर धरून ठेवला होता आणि दुसऱ्या हातानं बांगडी चढवत होत्या. म्हातारी नको नको म्हणत होती आणि हात मात्र ढिला सोडत होती.

मी बघत उभा राहिलो. डोंगरावर देवीचं देऊळ होतं आणि मी अजून तिकडं वळलो नव्हतो. खरं सांगायचं तर मला वळायची घाई वाटत नव्हती. एका खोक्यावर दुकान परत उभं करणारी बाई समोर बसलेली, हे साल सोडून अजून सात वर्षं हातात, आणि कायदा तिच्यासाठी थांबलेला.  

म्हातारी नमस्कार करून गेली. मी पुढं झालो.

"राजेश्वरीबाई," मी म्हणालो, "तुमच्यापुढं मला बोलायला शब्द न्हाईत. पण माझ्यामुळं झालं ते झालं. आता हा तोटा फिटेपर्यंत दर नवरात्राला मी इथं येणार, तुम्ही नको म्हणा न्हायतर हो म्हणा. फक्त एवढं सांगा, तुमच्यासाठी मी काय करू?"

त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाचा हात धरला, अंगठ्याच्या बुडाला दाबलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या,

"फाळक्याला हात लावू नका."